खिशातला कॅमेरा आणि दूरचा प्रेक्षक

चलचित्र टिपणारी जी लहान यंत्रे विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आली, त्यांचे आयुष्य शिवणयंत्र, रेडिओ किंवा सायकल यांच्या मानाने फारच तोकडे ठरले. त्यांतही सर्वांत अल्पायुषी ठरला तो खिशात मावणारा व्हिडिओ कॅमेरा. अमेरिकेत मे २००७ मध्ये ‘फ्लिप’ या नावाचा असा कॅमेरा विक्रीस आला, पाहता पाहता तो लाखोंच्या संख्येने खपला, मार्च २००९ मध्ये संगणक-जाळ्यांची यंत्रसामग्री बनवणाऱ्या ‘सिस्को’ने तो तयार करणारी ‘प्युअर डिजिटल’ ही कंपनी सुमारे ५९ कोटी डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात विकत घेण्याचे ठरवले, आणि १२ एप्रिल २०११ रोजी त्याच सिस्कोने हा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. चार वर्षांत जन्म, भरभराट आणि अंत, असा हा प्रवास आहे. ‘मोबाईल आला आणि कॅमेरा गेला’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे, कारण चित्रीकरण करणारे मोबाईल फ्लिपच्या आधीपासून बाजारात होते आणि फ्लिपचे चित्र त्यांतल्या बहुतेकांपेक्षा चांगले होते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत चलचित्र कोण काढत होते, कोणासाठी काढत होते आणि ते पाहणाऱ्यापर्यंत कसे पोहोचत होते, याचा विचार केला म्हणजे या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. इथे हा खिशातला कॅमेरा कधी रुजलाच नाही, आणि तो इथे का रुजला नाही याचे कारण तो अमेरिकेत का उखडला गेला या कारणापासून फार दूर नाही.

फ्लिपची रचना मुद्दाम साधी ठेवलेली होती. समोर एक स्थिर भिंग, मागे दीड इंचांचा पडदा, मध्यभागी चित्रीकरण सुरू आणि बंद करणारे एक मोठे लाल बटण, आत रिमोटमध्ये घालतात तसे दोन सेल, आणि बाजूची कळ दाबताच बाहेर उघडणारी यूएसबीची दांडी, जी थेट संगणकात खुपसता येई. चित्राची बारीकसारीक जुळवाजुळव करणारी बटणे नव्हती, कॅसेट नव्हती, वेगळी वायर नव्हती. संगणकावर चित्रफीत कापण्यासाठी आणि इंटरनेटवर चढवण्यासाठी लागणारी प्रणालीही कॅमेऱ्याच्याच स्मृतीत साठवलेली असे, त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावरही काम अडत नसे. ६४० गुणिले ४८० बिंदूंचे, म्हणजे त्या काळच्या दूरचित्रवाणीशी तुलना करता येईल इतपत स्पष्ट असे, सुमारे तासाभराचे चित्रण त्यात मावे, आणि किंमत दीडशे डॉलरच्या आसपास होती. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले होते, आणि घरोघरी काढलेली लहान चित्रे लोकांना दाखवण्याची हौस नुकतीच जागी झाली होती. त्या हौसेला नेमके हवे होते ते फ्लिपने दिले, म्हणून त्याचे यश योगायोगाचे म्हणता येत नाही.

फ्लिपने नेमके काय सोपे केले हे समजण्यासाठी त्याआधीच्या फितीच्या कॅमेऱ्याची कार्यपद्धती पाहावी लागते. चुंबकीय फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चुंबकत्व धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा थर. ध्वनिमुद्रणासाठी ती एका स्थिर टोकासमोरून सरकवली तरी भागते, पण चित्रात ध्वनीपेक्षा कित्येक पटींनी अधिक माहिती असल्याने तेवढ्याने भागत नाही. म्हणून व्हिडिओ यंत्रात फीत एका तिरप्या, वेगाने फिरणाऱ्या दंडगोलाभोवती गुंडाळून नेतात आणि त्या दंडगोलावर बसवलेली टोके फितीवर तिरके, अतिशय अरुंद पट्टे उमटवत जातात. १९७६ च्या व्हीएचएस पद्धतीत ही फीत १२.७ मिलिमीटर रुंद होती, त्यामुळे कॅमेराही खांद्यावर घेण्याइतका अवजड असे. सोनीने १९८५ मध्ये ८ मिलिमीटर फितीचा ‘हँडीकॅम’ आणला, आणि पुढे मराठी बोलण्यात हाताएवढ्या प्रत्येक व्हिडिओ कॅमेऱ्यास, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, तेच नाव चिकटले. १९९५ पासून आलेल्या मिनी-डीव्ही पद्धतीत फितीची रुंदी ६.३५ मिलिमीटरवर आली, चित्र अंकांच्या रूपात साठवले जाऊ लागले, आणि काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या कॅसेटमध्ये तासभराचे चित्रण, म्हणजे सुमारे १३ जीबी माहिती, मावू लागले. त्यासाठी आतला दंडगोल मिनिटाला ९००० फेरे घेई आणि फितीवरचा एकेक पट्टा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा रुंद असे. इतकी सूक्ष्म यांत्रिक करामत हजारो रुपयांच्या घरगुती वस्तूत बसवणे हा अभियांत्रिकीचा मोठाच पराक्रम होता, आणि आज तो विस्मरणात गेला आहे याची खंत वाटावी अशीच ती गोष्ट आहे.

या पराक्रमाला एक मूलभूत मर्यादा होती. फीत ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच वाचता येते, त्यामुळे तासाभराची कॅसेट संगणकात उतरवायची तर तासभर चालवावीच लागे, त्यासाठी फायरवायर नावाची वेगळी जोडणी असलेला संगणक लागे, आणि मधे धुळीचा एक कण टोकावर बसला तरी चित्रात चौकोनी ठिगळे उमटत. चित्र काढणे आणि चित्र दाखवणे यांच्यामध्ये अशा रीतीने एक लांबलचक वाट होती, आणि ती वाट चालून देणारा माणूस हा एका व्यवसायाचा आधार होता.

सातारा-सांगलीत हा माणूस म्हणजे गावच्या किंवा तालुक्याच्या पेठेतला फोटो स्टुडिओवाला. लग्नाचे ‘शूटिंग’ ही त्याच्या मिळकतीची मुख्य बाब, आणि त्याखालोखाल जत्रा, कुस्त्यांची मैदाने, शाळांची स्नेहसंमेलने आणि सत्कार समारंभ. त्याच्या कामाचे महत्त्व या दोन जिल्ह्यांत विशेष होते, आणि त्याचे कारण इथल्या स्थलांतराच्या इतिहासात आहे. सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून आणि लगतच्या माण-खटावमधून हजारो कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंत पसरलेली आहेत. साताऱ्याच्या पाटण-जावळीच्या डोंगराळ पट्ट्यातील माणसे मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत माथाडी म्हणून राबली, आणि अपशिंग्यासारख्या गावाला तर घरटी फौजी असल्यामुळे ‘मिलिटरी अपशिंगे’ असेच म्हणतात. अवर्षणग्रस्त पूर्व भाग आणि अतिवृष्टीचा पश्चिम भाग, दोन्हींनी आपली माणसे दूर पाठवली. त्यामुळे गावात लग्न लागते, जत्रा भरते, घराची वास्तुशांत होते, तेव्हा ज्यांनी तिथे असायला हवे होते त्यांतले कोणी ना कोणी हजार किलोमीटरवर असते.

अशा गावात कॅसेटचे काम आठवण जपण्यापुरते मर्यादित नव्हते, गैरहजर माणसाला हजेरीचा वाटा पोहोचवणे हे तिचे खरे काम होते. म्हणूनच त्या जुन्या चित्रणांची घडण आजच्या प्रेक्षकाला संथ आणि कंटाळवाणी वाटते. मांडवात जेवायला बसलेल्या पंगतीवरून कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक चेहऱ्यावर थांबत जातो, रुखवताच्या टेबलावरचे एकेक भांडे दाखवतो, आहेर देणाऱ्याचा हात, पाकीट आणि चेहरा चौकटीत येईपर्यंत हलत नाही, आणि त्याच्या मागोमाग वायरीची गुंडाळी सांभाळत हॅलोजनचा दिवा धरणारा मदतनीस सरकत असतो, ज्याच्या प्रखर उजेडात म्हातारी माणसे डोळे मिटून घेतात. हे सर्व अडाणीपणाने केलेले नसते. कोण आले होते, कोण थकले आहे, कोणाचे मूल केवढे झाले आहे, हे दूर बसलेल्या माणसाला पाहायचे असते, आणि चित्रण करणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. गावी येऊन परतणारा कोणी ती कॅसेट, आणि पुढे सीडी, सोबत घेऊन जाई, आणि मग त्या परगावच्या खोलीत चार घरची मंडळी ती एकत्र बसून पाहत.

या पार्श्वभूमीवर कॅमेऱ्याच्या आकाराचा प्रश्न वेगळ्याच रीतीने पुढे येतो. जगभर कॅमेरे लहान होत असताना भारतीय लग्नाच्या मांडवात मात्र खांद्यावरचा मोठा कॅमेराच टिकून राहिला. पॅनासॉनिकचे एम ९००० आणि नंतर मिनी-डीव्ही फितीचे एमडी १०००० हे कॅमेरे लग्नाच्या धंद्यात देशभर रूढ झाले. सोनीने २००७ च्या उत्तरार्धात, म्हणजे फ्लिप अमेरिकेत गाजू लागला त्याच सुमारास, एचडी १००० हा कॅमेरा आणला, आणि त्याच्या लांबलचक, खांद्यावर टेकणाऱ्या सांगाड्याच्या आत एकच लहानसा संवेदक होता, जसा तळहातावर मावणाऱ्या घरगुती हँडीकॅममध्ये असतो. संवेदक म्हणजे भिंगातून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चिप, आणि कॅमेऱ्याच्या कुवतीचा मोठा भाग तिच्यावर अवलंबून असतो. लहान यंत्र मोठ्या कवचात घालून विकण्याची गरज निर्मात्याला वाटली, कारण गिऱ्हाइकाला ते मोठे कवचच हवे होते. मांडवात खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस दिसला की वऱ्हाडी वाट देतात, भटजी क्षणभर थांबतात, यजमानाला आपण खर्च केल्याचे समाधान मिळते. खिशातून काढलेल्या साबणाच्या वडीएवढ्या यंत्राला ही प्रतिष्ठा मिळणे शक्य नव्हते. शिवाय फ्लिपला प्रकाशीय झूम, म्हणजे भिंगे पुढेमागे सरकवून दूरचे दृश्य जवळ आणण्याची सोय नव्हती, आणि मांडवाच्या मागच्या टोकावरून अंतरपाटाजवळचे चेहरे टिपणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. व्यावसायिकाची जागा त्याला घेता येत नव्हती हे यावरून उघड होते.

मग घरगुती हौसेची जागा तरी त्याने का घेतली नाही? याचे उत्तर २०११ च्या जनगणनेत सापडते. त्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ६३ टक्के कुटुंबांकडे दूरध्वनी किंवा मोबाईल होता, परंतु संगणक असलेली कुटुंबे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती आणि इंटरनेटसह संगणक असलेली अवघी तीन टक्के. फ्लिपचा सगळा साधेपणा संगणकाच्या तोंडाशी येऊन थांबत होता. ती यूएसबीची दांडी, ती आत साठवलेली प्रणाली, ते एका कळीसरशी यूट्यूबवर चढवणे, यांतले प्रत्येक सुख घरात संगणक आणि वेगवान इंटरनेट आहे असे गृहीत धरून रचलेले होते. ज्या घरात ही दोन्ही नव्हती त्या घरात तो कॅमेरा म्हणजे तासाभराने भरून जाणारी आणि मग रिकामी करता न येणारी डबी होती. त्या वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन रोजचे होते, त्यामुळे बाजारात कुठेही मिळणाऱ्या सेलवर चालणे हा फ्लिपचा गुण इथे खरे तर फार उपयोगाचा ठरला असता. पण एका गुणावर यंत्र रुजत नाही, त्याच्या पुढची वाटही त्या गावात असावी लागते.

मोबाईलची वाट मात्र गावात आधीच तयार होती. २००५ नंतरच्या काही वर्षांत नोकियाचे आणि पाठोपाठ स्वस्त चिनी बनावटीचे जे फोन तालुक्याच्या पेठेत मिळू लागले, त्यांत नखाएवढे मेमरी कार्ड बसे, जवळच्या फोनला बिनतारी जोडणी करणारे ब्लूटूथ असे, आणि धूसर का होईना, चलचित्र टिपता येई. हे चित्र थ्रीजीपी नावाच्या स्वरूपात साठवले जाई, त्याचा आकार अनेकदा १७६ गुणिले १४४ बिंदूंएवढाच असे, म्हणजे फ्लिपच्या चित्राचा साधारण बारावा हिस्सा. तरीही त्याने बाजी मारली, कारण टिपलेली क्लिप त्याच यंत्रावर पाहता येत होती, शेजारच्या माणसाच्या फोनवर मिनिटाभरात देता येत होती आणि कार्ड काढून परगावी पाठवता येत होती. गाणी आणि क्लिपा कार्डात भरून देणारी मोबाईलची दुकाने बसस्थानकांच्या आवारात उभी राहिली, आणि ज्या कामासाठी अमेरिकेतील कुटुंबाला संगणक लागत होता ते काम इथे त्या दुकानाने केले. चित्राचा दर्जा हा कॅमेऱ्याचा प्राण आहे असे तज्ज्ञ धरून चालत होते. दूरच्या माणसासाठी चित्र काढणाऱ्या समाजाने पोहोच आधी मोजली आणि दर्जा नंतर, आणि हा हिशेब अज्ञानातून आलेला नव्हता.

दर्जाची उणीवही पुढे फार काळ राहिली नाही, आणि तिची कारणे तांत्रिक आहेत. पहिले कारण संवेदकाचे. जुने कॅमेरे सीसीडी या प्रकारचा संवेदक वापरत, ज्याची कल्पना १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी मांडली आणि ज्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे चित्र उत्तम असे, पण तो बनवण्यासाठी खास प्रक्रिया लागे आणि तो वीजही अधिक खाई. १९९० च्या दशकात विकसित झालेला सीमॉस संवेदक संगणकाच्या इतर चिपांसारख्याच कारखान्यांत तयार होतो, प्रत्येक बिंदूचा संकेत तिथल्या तिथे वाढवतो आणि थोड्या विजेत चालतो. फ्लिपलाही याच संवेदकामुळे खिशात जागा मिळाली होती, पण हा लाभ त्याच्या एकट्याचा नव्हता. कोट्यवधींनी बनणाऱ्या फोनसाठी संवेदक तयार होऊ लागले तेव्हा त्यांच्या सुधारणेवर जो पैसा ओतला गेला, तितका केवळ कॅमेऱ्यांच्या विक्रीतून कधीच उभा राहिला नसता.

दुसरे कारण संक्षेपणाचे, म्हणजे चित्रातील माहिती कमी जागेत बसवण्याच्या गणिताचे. कुंडलच्या कुस्ती मैदानाचे चित्रण घेतले तर हे गणित चांगले समजते. कॅमेरा स्थिर असेल तर लाल माती, मैदानाची कड आणि मागच्या उतारावर बसलेले प्रेक्षक एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जवळजवळ तसेच राहतात, हलतात ते दोन मल्ल, पंच आणि हलगीवाल्याचे हात. मिनी-डीव्ही पद्धत सेकंदाच्या पंचवीसही चौकटी स्वतंत्रपणे साठवत असे, म्हणजे तीच माती सेकंदाला पंचवीस वेळा लिहिली जाई. नंतरच्या पद्धती, विशेषतः २००३ मध्ये प्रमाणित झालेली एच.२६४, एक चौकट पूर्ण लिहून पुढच्या चौकटींत फक्त काय बदलले आणि कोणता तुकडा कुठे सरकला एवढेच नोंदवते. जागा प्रचंड वाचते, पण त्यासाठी दर क्षणाला लाखो तुलना कराव्या लागतात. ते काम करणारे मंडल फोनच्या मुख्य चिपमध्येच बसू लागले तेव्हा स्वतंत्र व्हिडिओ कॅमेऱ्याचे अखेरचे तांत्रिक वैशिष्ट्यही उरले नाही. सिस्कोने प्युअर डिजिटल विकत घेण्याचा करार केल्यानंतर तीनच महिन्यांनी, जून २००९ मध्ये, चलचित्र टिपणारा पहिला आयफोन आला, आणि जून २०१० मधील पुढच्या आवृत्तीने फ्लिपच्या उच्च प्रतीच्या कॅमेऱ्याइतकेच, म्हणजे १२८० गुणिले ७२० बिंदूंचे चित्र दिले. कोडॅक आणि सोनी यांनीही खिशातले कॅमेरे काढून पाहिले, त्यांपैकी कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

सिस्कोचा निर्णय घाईचा होता, असे त्या वेळी अनेकांचे मत पडले, कारण कॅमेरा बंद केला तेव्हाही तो चांगला खपत होता आणि सुमारे साडेपाचशे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. मोठ्या संस्थांना यंत्रे विकणाऱ्या कंपनीला घरगुती ग्राहकाच्या बाजारात राहायचेच नव्हते, हे त्यामागचे मोठे कारण होते हे मान्य केले पाहिजे. तरीही फ्लिप आणखी चार वर्षे चालवला असता तर तो टिकला असता, असे मानणे कठीण आहे. टिपणे, पाहणे, साठवणे आणि पाठवणे या चार क्रियांपैकी त्याने पहिली क्रिया उत्तम सोपी केली, दुसरी कामचलाऊ आणि उरलेल्या दोन संगणकावर सोपवल्या. चारही क्रिया एकाच यंत्रात आल्या की त्यांतली एकच क्रिया करणाऱ्या यंत्रासाठी खिशात दुसरी जागा करायला माणूस तयार होत नाही.

सांगलीच्या दोन महापुरांकडे पाहिले तर या बदलाचा पल्ला ध्यानात येतो. २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हाची हलती दृश्ये मुख्यतः वाहिन्यांच्या आणि स्टुडिओवाल्यांच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली आहेत, म्हणजे कॅमेरावाला जिथे पोहोचू शकला तेवढ्याच जागांची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा मारुती चौक आणि हरभट रस्त्यावरच्या वरच्या मजल्यांतून, गच्च्यांवरून, बोटींतून सामान्य माणसांनी स्वतःच्या फोनवर चित्रण केले, आणि पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या नातेवाइकांनी आपल्या घराच्या जिन्याची कितवी पायरी बुडाली हे त्याच दिवशी पाहिले. मधल्या काळात ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले होते, आणि पाठवण्याची जी क्रिया आधी कॅसेट, मग सीडी, मग मेमरी कार्ड यांच्या रूपाने माणसाच्या हातून होत होती ती हवेतून होऊ लागली होती. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली, बैलगाडा शर्यतींवरील बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उठल्यानंतर पुसेगावसारखी मैदाने पुन्हा गाजू लागली, आणि आता अशा मैदानांतील फेऱ्या यूट्यूबवर घडत असतानाच दिसतात. परराज्यात भट्टीसमोर बसलेल्या गलाई कामगाराला आपल्या गावच्या बैलजोडीचा निकाल मैदानात उभ्या असलेल्या माणसाबरोबरच कळतो. कॅसेटीने सुरू केलेले काम इथे पूर्णत्वाला पोहोचले आहे.

व्यावसायिक चित्रीकरण मात्र यात बुडाले नाही. २००८ मध्ये निकॉन आणि कॅनन यांनी स्थिरचित्रांच्या मोठ्या कॅमेऱ्यांत चलचित्राची सोय केली, भिंगे बदलता येणारे ते कॅमेरे लग्नाच्या धंद्यात शिरले, पुढे ड्रोन आणि मांडवातला एलईडी पडदा आला, आणि स्टुडिओवाला टिकला तो आपली पायरी वर चढवून. नाहीसा झाला तो मधला थर, म्हणजे व्यावसायिक नाही आणि फोनही नाही असा घरगुती कॅमेरा. हेल्मेटवर किंवा सायकलवर बसवण्याचे गोप्रोसारखे कॅमेरे आजही विकले जातात, कारण फोन जिथे नेता येत नाही अशा जागा त्यांनी शोधल्या. खिशाच्या जागेवर हक्क सांगणारा कॅमेरा त्यांच्यात नाही.

यंत्र कालबाह्य झाले तरी त्याने टिपलेले चित्र मागे उरते, आणि या दोन जिल्ह्यांतील घरांना खरी चिंता वाटायला हवी ती त्याची. फ्लिपचे चित्रण साध्या संगणकीय फाइलींत असल्याने ते आजही उघडते, पण व्हीएचएस, हाय-८ आणि मिनी-डीव्ही कॅसेटी वाचणारी यंत्रेच संपत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन जुलै २०१६ मध्ये थांबवले, फायरवायरची जोडणी नव्या संगणकांना नसते, आणि जुनी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर व सुटे भाग दोन्ही दुर्मिळ आहेत. फितीवरील चुंबकीय थर प्लॅस्टिकला धरून ठेवणारा चिकट पदार्थ दमट हवेत पाणी शोषून मऊ पडतो, आणि मग फीत यंत्राच्या टोकांना चिकटून थर खरवडला जातो. महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळी पट्ट्यात त्यावर पांढरी बुरशीही धरते. युनेस्कोच्या माहितीविषयक कार्यक्रमाने २०१९ मध्ये चुंबकीय फितींबाबत जगभरातील संस्थांना इशारा दिला, तो प्रामुख्याने ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांच्यासाठी असला तरी कपाटाच्या वरच्या खणातल्या लग्नाच्या कॅसेटीलाही तो तंतोतंत लागू आहे.

पुराच्या पाण्यात भिजलेली कॅसेटही प्रत्येक वेळी फुकट गेलेली नसते. ती उन्हात वाळवू नये, ओली असताना यंत्रात घालू नये, गाळ लागलेला असल्यास स्वच्छ थंड पाण्याने अलगद धुऊन सावलीत आणि वाऱ्यावर सावकाश कोरडी होऊ द्यावी, आणि मग जाणकाराकडून एकदाच चालवून तिची प्रत करून घ्यावी, कारण दुसऱ्यांदा ती चालेलच याची खात्री नसते. बुरशी धरलेली कॅसेट इतर कॅसेटींपासून वेगळी ठेवावी, नाहीतर यंत्रातून ती बुरशी सर्वांत पसरते. तालुक्याच्या ठिकाणी ज्या जुन्या स्टुडिओंत चालू स्थितीतले मिनी-डीव्ही यंत्र अजून आहे, तिथे हे काम आजही करून मिळते, तासाच्या कॅसेटीला तासच लागतो, म्हणून घरात अनेक कॅसेटी असतील तर ज्यांतली माणसे आता हयात नाहीत त्या कॅसेटी आधी द्याव्यात आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, एक गावी आणि एक परगावच्या घरी.